संमतिपत्र कोणाच्या भाषेत?

अमेरिकेच्या अमलाखालील प्युर्तो रिको बेटावर १९६५ साली आरोग्य खात्याने एक पाहणी केली. २० ते ४९ वयाच्या मातांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. संततिनियमनाचे यश म्हणून हा आकडा मिरवता आला असता. त्यातल्या किती जणींना ही शस्त्रक्रिया कायमची असल्याचे ठाऊक होते, हा प्रश्न मात्र त्या आकड्यात मावत नव्हता.

तो लावून धरणाऱ्यांत डॉ. हेलन रॉड्रिगेझ-त्रियास अग्रभागी होत्या. जन्म १९२९ चा, न्यू यॉर्कमधला. बालपण मात्र याच बेटावर गेले. दहाव्या वर्षी त्या न्यू यॉर्कला परतल्या, तेव्हा इंग्रजी येत असूनही शाळेने त्यांना अभ्यासात मागे पडलेल्यांच्या वर्गात बसवले. पुढे त्यांनी म्हटलेली कविता ऐकून शिक्षिकेला या मुलीचा वकूब उमगला. हिस्पॅनिक डॉक्टर आणि साथरोगतज्ज्ञ इतके थोडे का, याचे एक उत्तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुष्कळ आधी, अशा वर्गाच्या दारातच मिळते.

१९६० साली त्या प्युर्तो रिको विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. सान हुआनच्या विद्यापीठ रुग्णालयात त्यांनी नवजात अर्भकांसाठी केंद्र उभारले. तीन वर्षांत तिथले अर्भकमृत्यू निम्म्यावर आले. १९७० मध्ये त्या ब्राँक्समधील लिंकन रुग्णालयात बालरोग विभागाच्या प्रमुख झाल्या. भोवतीची वस्ती बहुतांशी प्युर्तो रिकन, आणि डॉक्टरांना तिची ओळख बेताचीच. ती करून देणे हा त्यांनी प्रशिक्षणाचाच भाग मानला.

नसबंदीच्या गैरवापराविरुद्ध समिती स्थापन करणाऱ्यांतही त्या होत्या. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वंशाच्या १० स्त्रियांनी खटला भरला होता: प्रसूतिवेदना चालू असताना इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्याची तक्रार अनेकींची होती. १९७८ साली त्या हरल्या. त्याच वर्षी मात्र केंद्र सरकारने आपल्या पैशातून होणाऱ्या नसबंदीसाठी नियम काढले: लेखी संमती, भाषा कळत नसल्यास दुभाषी, आणि एरवी संमतीनंतर किमान ३० दिवसांचा अवधी.

१८७२ साली स्थापन झालेल्या अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटनेला पहिली लॅटिना अध्यक्ष लाभली ती १९९३ मध्ये, हेलन यांच्या रूपाने. २००१ साली त्या निवर्तल्या. पुढे २००८ ते २०११ दरम्यान हिस्पॅनिक समाजाच्या आरोग्याचा मोठा अभ्यास उभा राहिला, तेव्हा चार शहरांतून १६,४१५ जण त्यात सामील झाले. त्यांतले एक केंद्र ब्राँक्समध्येच होते, आणि मुलाखत स्पॅनिशमध्ये द्यायची की इंग्रजीत, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.