असंपृक्त खडकांतील पाण्याचा माग

भूपृष्ठ आणि भूजलपातळी यांच्या दरम्यान माती व खडक यांची छिद्रे पाण्याने पूर्ण भरलेली नसतात. काहींत हवा असते. या थरास असंपृक्त क्षेत्र म्हणतात. येथील पाण्यावर गुरुत्वाकर्षणाबरोबरच बारीक छिद्रांतील केशाकर्षणाचाही प्रभाव असतो. माती कोरडी होऊ लागली, की मोठी छिद्रे आधी रिकामी होतात, पाण्याला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते आणि मातीची वाहकता झपाट्याने घटते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये या विचाराचा पाया घातला. १९३१ मध्ये लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी या प्रवाहाचे समीकरण मांडले.

वाहकता ओलाव्यानुसार बदलत असल्याने एका मोजमापाने भागत नाही. ‘टेन्शिओमीटर’ या उपकरणात पाण्याने भरलेल्या नळीला चिनीमातीचे सच्छिद्र टोक असते. ते जमिनीत रोवले, की कोरडी माती नळीतील पाणी ओढते. नळीत उत्पन्न होणाऱ्या ऋण दाबावरून मातीची ओढ कळते. अतिमंद प्रवाह मोजण्यासाठी खडकाचा नमुना अपकेंद्री यंत्रात फिरवतात. वाढलेल्या बलामुळे तेथे पाणी लवकर सरकते आणि मोजमापाचा काळ कमी होतो.

अमेरिकेतील नेवाडा राज्यातील युक्का पर्वतावर या शास्त्राची कसोटी लागली. अणुकचरा भूपृष्ठाखाली आणि भूजलपातळीच्या वर, दोहोंपासून सुमारे ३०० मीटर अंतरावर, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकात ठेवण्याची योजना होती. केशाकर्षणामुळे पाणी बारीक छिद्रांतच अडकून राहील, रुंद भेगा बहुतांशी कोरड्या राहतील आणि पाणी अत्यंत सावकाश झिरपेल, अशी अपेक्षा होती. मात्र १९९६ मध्ये तेथील बोगद्यातील काही नमुन्यांत क्लोरीन-३६ हे किरणोत्सारी समस्थानिक अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. १९५० च्या दशकात प्रशांत महासागरातील अणुचाचण्यांमुळे ते वातावरणात मोठ्या प्रमाणावर पसरले होते. म्हणजेच काही भेगांतून पाणी ५० वर्षांच्या आतच बोगद्यापर्यंत पोहोचले असावे, असा निष्कर्ष निघाला. नंतरच्या पडताळणीत अन्य प्रयोगशाळेचे निष्कर्ष याच्याशी जुळले नाहीत आणि वाद मिटला नाही.

अमेरिकी काँग्रेसने २००२ मध्ये या जागेस मान्यता दिली होती. परंतु २०१० मध्ये सरकारने प्रकल्पातून माघार घेतली. त्यामागे नेवाडातील राजकीय विरोधाचा वाटा मोठा होता. शास्त्रापुढील प्रश्न मात्र कायम आहे. मुठीएवढ्या नमुन्यावरून खडकाचा स्वभाव कळतो. पर्वतातील भेगांचा हिशेब त्यात येत नाही. म्हणूनच आज प्रयोगशाळेतील मोजमापांना जागेवरील निरीक्षणे आणि समस्थानिकांचा माग यांची जोड दिली जाते.