खोक्यामागचे शास्त्र : एका विद्याशाखेचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्या मालाची नुसती यादी केली तरी एक गोष्ट ध्यानात येते. चादरी आणि टॉवेल, साखर, द्राक्षे, डाळिंबे, मंगळवेढ्याची ज्वारी. यांतला बराचसा माल इथे पिकतो किंवा विणला जातो, आणि वापरला जातो मात्र शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर. वाटेत त्याचे रक्षण करते ते पोते, गाठ, करंडी किंवा खोके. आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत या वस्तूंना फारशी जागा नाही. तरीही माल बांधण्याचे शास्त्र, म्हणजे वेष्टनशास्त्र किंवा पॅकेजिंग, हा आज पदव्युत्तर अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. तो विद्यापीठापर्यंत कसा पोचला आणि सोलापूरशी त्याचे नाते काय, ते आपण या लेखात पाहू.

पूर्वी हे काम शिकवले जात नसे. ते हाताखाली राहून शिकायचे. कापडाचे तागे दाबून त्यांची गाठ बांधायची, वरून गोणपाट दाभणाने शिवायचे आणि लोखंडी पट्ट्या आवळायच्या. फळांसाठी करंडी आणि पेंढा. किती आवळायचे, पेंढा कुठे जास्त घालायचा, हे अनुभवी माणसाचा हात जाणत असे. हे ज्ञान कमी प्रतीचे नव्हते. बाजार जवळ असल्यामुळे चूक झाली तर चार दिवसांत निरोप यायचा आणि पुढची करंडी नीट भरली जायची. बाजार समुद्रापार गेला, की निरोप येईपर्यंत हंगाम संपलेला असतो. तेव्हा माल पाठवण्यापूर्वीच, तो वाटेत काय काय सोसणार हे कळावे लागते. वेष्टनशास्त्राची गरज इथे सुरू होते.

या शास्त्राचा मुख्य आधार म्हणजे पन्हळी पुठ्ठा. इंग्लंडमध्ये १८५६ साली पन्हळी कागदाचे पेटंट घेतले गेले, ते टोपीला आतून लावायच्या अस्तरासाठी. अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ साली बाटल्या आणि काचेच्या चिमण्या गुंडाळण्यासाठी तो सुचवला. १८७४ साली ऑलिव्हर लाँग यांनी पन्हळीला सपाट कागद चिकटवण्याची युक्ती काढली आणि पुठ्ठ्याला ताठपणा आला. हे सारे शोध कारागिरांचे आणि उद्योजकांचे होते. विद्यापीठे यात अजून आलेली नव्हती.

ती आली युद्धांमुळे. अमेरिकेत मॅडिसन येथे १९१० साली वनोत्पादन प्रयोगशाळा सुरू झाली होती. खोकी लाकडाची, म्हणून खोक्यांची परीक्षाही तिच्याकडे आली. भरलेले खोके मोठ्या फिरत्या पिंपात टाकून ते कुठे आणि कसे फुटते हे तिथे पाहिले जाई. दोन्ही महायुद्धांत लष्कराच्या माणसांना माल बांधण्याचे शिक्षण या प्रयोगशाळेने दिले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर उष्णता, दमट हवा आणि खारे पाणी यांमुळे माल वापरण्यापूर्वीच खराब होऊ लागला. त्यामुळे नेहमीच्या पद्धतींवर विसंबून भागणार नाही, हे स्पष्ट झाले.

१९४५ साली रेमंड माइंडलिन यांनी बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात खोक्यातल्या गादीचे गणित मांडले. त्याचा गाभा नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. खोके ७५ सेंटिमीटर उंचीवरून पडले आणि आतली गादी २.५ सेंटिमीटर दबून वस्तू थांबली, तर तिला सरासरी गुरुत्वत्वरणाच्या ३० पट ऋण त्वरण सोसावे लागते. गादी ५ सेंटिमीटर दबली तर तेच १५ पट होते. पेंढ्याचा थर किती जाड हवा, हे हातावर सोडण्याऐवजी आता गणिताने ठरवता येऊ लागले.

युद्धानंतर, १९५२ साली, अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात पॅकेजिंगचे शिक्षण सुरू झाले. ते सुरू झाले वनोत्पादन विभागात, याचे आता आपल्याला नवल वाटणार नाही. १९५७ साली तिथे या विषयाचे स्वतंत्र विद्यालय झाले आणि पुढे हा अभ्यास डॉक्टरेटपर्यंत गेला. १९६३ साली मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र दिले. पुठ्ठ्याची कडेवर उभा असतानाची ताकद, त्याची जाडी आणि खोक्याचा परीघ एवढे माहीत असले, की खोके किती वजनाखाली दबेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

भारतात हा विषय आला तो निर्यातीच्या गरजेतून. १९६६ साली केंद्रीय वाणिज्य मंत्रालय आणि या क्षेत्रातील उद्योग यांनी मिळून मुंबईत भारतीय पॅकेजिंग संस्था स्थापन केली. आपला माल चांगला असूनही परदेशी बाजारात पोचताना त्याची रया जाते, ही त्यामागची चिंता होती. १९८५ साली संस्थेने दोन वर्षांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुरू केला. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, यंत्रशास्त्र आणि छपाई या वेगवेगळ्या वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी इथे एका खोक्याभोवती एकत्र येतात.

सोलापूर, सांगली, नाशिक या भागांतील द्राक्षांच्या वाटचालीत याची प्रचिती येते. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस या जाती पुढे आणल्या. त्या दूरवर पोचल्या. १९९१ साली द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' स्थापन केली आणि युरोपची वाट धरली. बागेतली द्राक्षे उत्तम होती, पण ती समुद्रमार्गे काही आठवडे टिकवायची होती.

त्यासाठी काय लागते? द्राक्षे तोडल्यावर लवकरात लवकर थंड करावी लागतात आणि पुढे शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवावी लागतात. आर्द्रता कमी झाली की देठ वाळतो आणि मणी गळतात. आर्द्रता टिकवावी, तर राखाडी बुरशीचे फावते. म्हणून खोक्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचा कागद ठेवतात. ओलावा लागताच त्यातून थोडा थोडा सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो आणि बुरशीला आवर घालतो. तो जास्त झाला तर मणी पांढुरके पडतात. अडचण इथेही संपत नाही. जी आर्द्रता द्राक्षाला हवी, तीच पुठ्ठ्याची वैरी आहे. अशा दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते आणि थप्पीतले सर्वांत खालचे खोके बसते. गार हवा आत जावी म्हणून भोके पाडावीत, तर भोकांनी खोके आणखी कमजोर होते. ती कोपऱ्याजवळ असली तर अधिकच, कारण भार मुख्यतः कोपरेच पेलतात.

यातली एक गोष्ट आपल्या समजुतीला धक्का देणारी आहे. गवंडी विटा सांधेमोड करून रचतो, म्हणून भिंत मजबूत होते. खोकी तशी रचली, तर वरच्या खोक्याचे कोपरे खालच्याच्या मधल्या, कमजोर भागावर येतात. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ रचलेली थप्पी जास्त भार सोसते. ती ढळू नये म्हणून पट्ट्यांनी बांधतात. अनुभवी हातालाही हे आपोआप सुचेल असे नाही.

डाळिंबाचे प्रश्न वेगळे आहेत. त्याची साल भक्कम दिसते, पण ती पाणी गमावते आणि फळ आकसते; शिवाय पाच अंशांखाली फार दिवस ठेवले तर थंडीची इजा होते. सोलापुरात २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले आणि २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन हे फळाच्या गावाचे असते. ग्राहकाच्या हाती ते फळ कोणत्या अवस्थेत पडेल, हे खोके ठरवते. एका खराब खोक्यात शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत, पाणी आणि कर्ज अडकलेले असते.

या शास्त्रापुढे आता नवा प्रश्न उभा आहे, तो म्हणजे माल पोचल्यानंतर वेष्टनाचे काय करायचे? महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. २०२२ साली एकदाच वापरून टाकायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. गोणपाट पुन्हा वापरले जाई, पेंढा गोठ्यात जाई. अनेक थरांची चकचकीत पिशवी मात्र कुठेच जात नाही. मालाचे रक्षण आणि कचऱ्याची विल्हेवाट हे दोन्ही साधणारी माणसे पुढच्या काळात लागणार आहेत.

आपल्या शाळा-महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांना असा अभ्यास असतो हेच ठाऊक नसते. विज्ञान, कृषी किंवा अभियांत्रिकीच्या पदवीनंतर भारतीय पॅकेजिंग संस्थेचा अभ्यासक्रम करता येतो. मुंबईखेरीज दिल्ली, कोलकाता आणि हैदराबाद येथेही तो चालतो. सोलापूरकराला हैदराबाद तर मुंबईहून जवळ. रुडकी येथील आयआयटीच्या सहारनपूर केंद्रात या विषयात एम.टेक. करता येते.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. सारख्या आकाराची दोन रिकामी पुठ्ठ्याची खोकी घ्यावीत. एक कोरड्या जागी ठेवावे. दुसरे ओल्या फडक्यासह मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवावे, फडके मात्र पुठ्ठ्याला टेकू देऊ नये. दुसऱ्या दिवशी दोन्हींवर एकेक वीट ठेवत जावे आणि प्रत्येक खोके किती विटांना बसते ते मुलांना मोजू द्यावे. दोन आकड्यांत फरक का पडला, हे मुलांनीच शोधावे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरचा माल अशाच खोक्यांतून दूर जात असेल.