नर्सिंग होम चांगलं आहे हे ओळखायचं कसं? पालघर-बोईसरमध्ये रुग्ण दाखल करण्यापूर्वी काय तपासाल

बोईसर स्टेशनबाहेर किंवा पालघरच्या मुख्य रस्त्यांवर पाट्या वाचत गेलं की 'मॅटर्निटी अँड सर्जिकल नर्सिंग होम', 'ॲक्सिडेंट हॉस्पिटल', 'आयसीयू २४ तास' अशी नावं लागोपाठ दिसतात. घरात कुणाला अचानक त्रास झाला की त्यातलं एक निवडावं लागतं, आणि तेही काही मिनिटांत. बहुतेक जण ओळखीच्या माणसाला फोन करतात, गुगलवरचे तारे बघतात किंवा रिक्षावाला नेईल तिथे जातात. पण आतली सेवा चांगली आहे की नाही, हे सामान्य माणसाला कळू शकतं का? बऱ्याच अंशी कळू शकतं. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. काय बघायचं आणि काय विचारायचं, एवढं माहीत असलं तरी पुरतं.

नर्सिंग होम म्हणजे नेमकं काय?

अमेरिका-इंग्लंडमध्ये नर्सिंग होम म्हणजे वृद्धांना कायम सांभाळणारी संस्था. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे रुग्णांना दाखल करून घेणारं खासगी रुग्णालय, मग ते पाच खाटांचं प्रसूतिगृह असो की मोठं हॉस्पिटल. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात हाच अर्थ आहे. हा कायदा आता महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा म्हणून ओळखला जातो. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे इथल्या खासगी रुग्णालयांना हाच जुना कायदा लागू आहे. त्याखालच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये मोठी सुधारणा झाली आणि रुग्णहक्क, दरपत्रक, तक्रार निवारण या गोष्टी त्यात आल्या.

वृद्धाश्रमांचा विषय यापेक्षा वेगळा आहे. त्यांच्याशी संबंधित कायदा २००७ चा असून ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

पालघर-बोईसरमध्ये हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला वसई-विरारसारखं शहर आहे, तर दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे पाडे. मध्ये तारापूर औद्योगिक वसाहत आहे. तिथले रासायनिक आणि पोलाद कारखाने, आणि तिथे काम करणारे स्थानिक व परप्रांतीय कामगार. मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मध्ये इथल्या कारखान्यांत जीवघेणे स्फोट झाले. भाजलेले, यंत्रात हात सापडलेले, वायूने गुदमरलेले रुग्ण आधी जवळच्या खासगी नर्सिंग होममध्येच पोहोचतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे अपघात आणि पावसाळ्यातले सर्पदंश यांचंही तेच होतं.

गंभीर रुग्णाला इथून पुढे मुंबई, वापी, सिल्वासा किंवा वलसाडला हलवावं लागतं, आणि वाटेत वेळ जातो. त्यामुळे इथल्या नर्सिंग होमची परीक्षा दोन गोष्टींत होते: आलेल्या रुग्णाला सावरता येतं का, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळेत ओळखून नीट पुढे पाठवता येतो का. दुसरी गोष्ट लोक फारशी मोजत नाहीत. 'त्यांनी लगेच पुढे पाठवलं' ही तक्रार वाटते. खरं तर अनेकदा तो चांगल्या सेवेचा पुरावा असतो.

गुगलवरचे तारे काय सांगतात?

ऑनलाइन अभिप्रायातून काही गोष्टी खरंच कळतात: कर्मचारी कसे बोलतात, किती थांबवतात, बिलावरून वाद होतात का. पण शस्त्रक्रियेनंतर किती जणांना जंतुसंसर्ग झाला, रात्री डॉक्टर हजर असतो का, हे ताऱ्यांत दिसत नाही. पाच तारे देणारा बहुधा बरा होऊन घरी गेलेला असतो, एक तारा देणारा दुःखात किंवा रागात असतो. त्यामुळे सरासरीपेक्षा मजकूर वाचावा. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात एकच तक्रार केली असेल, उदाहरणार्थ 'बिल तपशीलवार दिलं नाही', तर तिच्याकडे लक्ष द्यावं. एकाच आठवड्यात आलेले, एकाच धाटणीचे गोडगोड अभिप्राय बाजूला ठेवावेत. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'या हॉस्पिटलपासून सावधान' हे संदेशही तारीख आणि मूळ पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नयेत.

दर्जा मोजतात कसा?

आरोग्यसेवेचा दर्जा मोजण्याची आज जगभर वापरली जाणारी चौकट अवेडिस डोनाबेडियन या तज्ज्ञाने १९६६ मध्ये मांडली. तिचे तीन भाग आहेत. पहिला म्हणजे रचना: इमारत, माणसं, साधनं. दुसरा म्हणजे प्रक्रिया: उपचार प्रत्यक्ष कसे होतात. तिसरा म्हणजे परिणाम: रुग्णाचं पुढे काय झालं. परिणामांची आकडेवारी छोट्या नर्सिंग होममध्ये सहसा जाहीर नसते. म्हणून नातेवाइकांनी पहिल्या दोन भागांवर भर द्यावा.

भिंतीवर काय दिसलं पाहिजे?

- नोंदणी प्रमाणपत्र: ते दर्शनी भागात लावायचं असतं. त्यावरचं नाव, पत्ता, खाटांची संख्या आणि मुदत वाचा. नोंदणी तीन वर्षांची असते, नंतर नूतनीकरण लागतं. प्रमाणपत्रावर १० खाटा आणि आत २५ रुग्ण असतील, तर नर्स आणि साधनं दोन्ही अपुरी पडणार.
- रुग्णहक्क संहिता: २०२१ च्या सुधारणेनंतर ती लावणं बंधनकारक आहे.
- दरपत्रक: प्रवेश शुल्क, खाटेचा दिवसाचा दर, डॉक्टरांची भेट, नर्सिंग, ऑक्सिजन, शस्त्रक्रियागृह यांचे दर त्यात असावेत.
- डॉक्टरांची नावं, पदव्या आणि नोंदणी क्रमांक: ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत.

दर्शनी भागात 'एनएबीएच' मान्यतेचं प्रमाणपत्र असेल तर ती जमेची बाजू आहे. ही मान्यता ऐच्छिक असते, म्हणून ती नसली तर रुग्णालय वाईट असं समजू नये. मात्र तिचीही मुदत बघावी.

रात्री दोन वाजता कोण असतं?

पाटीवर सहा तज्ज्ञांची नावं असतात. त्यातले बरेच 'व्हिजिटिंग' असतात, म्हणजे बोलावल्यावर येतात. छोट्या गावात हे स्वाभाविक आहे, पण विचारून ठेवायला हवं:

- रात्री वॉर्डात हजर असणारा डॉक्टर कोण, त्याची पदवी कोणती?
- भूलतज्ज्ञ कुठून येतात, यायला किती वेळ लागतो?
- रात्रपाळीला एका नर्सकडे किती रुग्ण असतात? त्या जीएनएम किंवा एएनएम शिकलेल्या आहेत का, की 'शिकाऊ' मुली आहेत?
- रक्त लागलं तर कुठल्या रक्तपेढीतून येतं, किती वेळात?
- वीज गेली तर जनरेटर आहे का? ऑक्सिजनचा साठा किती?

प्रसूतीसाठी जागा निवडताना रक्त आणि भूलतज्ज्ञ हे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव थोड्या वेळात जीव घेऊ शकतो. नवजात बाळाला श्वास घ्यायला त्रास झाला तर बालरोगतज्ज्ञ कोण येणार, हेही आधीच विचारावं. सिझेरियनबद्दलही मोकळेपणाने बोलावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. याचा अर्थ प्रत्येक सिझेरियन अनावश्यक असतं असा नाही, पण 'का करायचं?' याचं उत्तर समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे.

आग लागली तर?

२३ एप्रिल २०२१ च्या पहाटे याच जिल्ह्यात, विरारमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान १३ कोविड रुग्ण दगावले. त्याआधी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळांचा जीव गेला होता. अतिदक्षता विभागातला रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही, आणि तिथे ऑक्सिजन, वातानुकूलन आणि सतत चालणारी विद्युत उपकरणं एकत्र असतात.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. ते मागून बघता येतं. न मागताही बरंच दिसतं: दुसरा जिना आहे का, त्याचं दार कुलूपबंद आहे का, जिन्यात गाद्या आणि खोकी रचली आहेत का, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख उलटून गेली आहे का, स्ट्रेचर वळेल एवढी जागा आहे का.

स्वच्छता फरशीवर नाही, हातांवर बघा

चकचकीत लॉबी म्हणजे जंतुसंसर्गापासून सुरक्षितता नव्हे. एका रुग्णाला तपासून दुसऱ्याकडे जाताना डॉक्टर आणि नर्स हात धुतात किंवा सॅनिटायझर लावतात का, हे बघा. इंजेक्शनची सुई तुमच्यासमोर नवीन फोडली जाते का? जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे वेगळे डबे असावे लागतात. वापरलेली सुई साध्या कचऱ्यात दिसली, तर बाकीची शिस्त कशी असेल याचा अंदाज येतो. शेवटी स्वच्छतागृह बघून घ्या.

शस्त्रक्रियेआधी नाव, शस्त्रक्रिया आणि शरीराची बाजू पुन्हा विचारली गेली तर चिडू नका. जागतिक आरोग्य संघटनेची ही तपासणी यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

पैसे आणि कागद

तातडीच्या रुग्णाला आधी प्राथमिक जीवरक्षक उपचार द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. 'आधी डिपॉझिट' या अटीवर रक्तस्राव थांबवणं अडवता येत नाही. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवणंही नियमात बसत नाही.

दाखल होतानाच अंदाजे खर्च लेखी मागा. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का, आणि हा आजार त्यात बसतो का, हे १५५३८८ वर विचारता येतं. कारखान्यातला कामगार असेल तर ईएसआयचं कार्ड सोबत ठेवा. बोईसरमधल्या कंत्राटी कामगारांना ते आपल्याला लागू आहे हे अनेकदा माहीतच नसतं.

संमतीपत्रावर सही करताना ते कळणाऱ्या भाषेत समजावून सांगितलं पाहिजे. वारली किंवा भोजपुरी बोलणाऱ्या रुग्णाकडून इंग्रजी छापील कागदावर अंगठा घेतला, तर त्याला समजून दिलेली संमती म्हणता येणार नाही. घरी जाताना तपशीलवार बिल, डिस्चार्ज कार्ड आणि सगळे रिपोर्ट घ्या. वैद्यकीय नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हलवताना 'रेफर' चिठ्ठी, दिलेली औषधं आणि त्यांच्या वेळा लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरचा अमूल्य वेळ त्याने वाचतो.

तक्रार कुठे करायची?

आधी रुग्णालयाच्याच तक्रार निवारण कक्षाकडे, लेखी, पोच घेऊन. त्यानंतर नोंदणी देणाऱ्या यंत्रणेकडे. वसई-विरारमध्ये ती महापालिका आहे. पालघर आणि बोईसर महापालिका हद्दीत नाहीत, त्यामुळे तिथे जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे, म्हणजे पालघरला जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे, जावं लागतं. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार त्याच्या परिषदेकडे करता येते.

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. एक लक्षात ठेवावं: रुग्ण बरा झाला नाही म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं कायदा मानत नाही. कागद नीट जपलेले असतील तरच फरक सिद्ध होतो. तोडफोड केली तर तक्रारदारच आरोपी होतो.

पाच मिनिटांची यादी

१. नोंदणीची मुदत आणि खाटांची संख्या.
२. रात्रीचा डॉक्टर आणि त्याची पदवी.
३. भूलतज्ज्ञ आणि रक्त किती वेळात.
४. दुसरा जिना मोकळा आहे का.
५. हात धुतले जातात का.
६. खर्चाचा लेखी अंदाज.
७. पुढे हलवायचं झालं तर कुठे, कोणत्या रुग्णवाहिकेतून. १०८ ही सरकारी सेवा मोफत आहे.

ही यादी आणीबाणीत नव्हे, आधीच वापरायची असते. घरात गर्भवती, हृदयरुग्ण किंवा ज्येष्ठ माणूस असेल, तर एखाद्या रविवारी जवळची दोन-तीन रुग्णालयं बघून यावीत आणि कुठल्या आजारासाठी कुठे जायचं हे कागदावर लिहून ठेवावं. प्रश्न विचारल्यावर शांतपणे उत्तरं देणारं नर्सिंग होम आणि 'एवढा विश्वास नसेल तर दुसरीकडे जा' म्हणणारं नर्सिंग होम, यांतला फरक तेव्हाच कळतो.