शिंगांची झुंज आणि कॅमेऱ्याची नजर

शिंगात शिंग अडकवून झुंजणारे दोन नर, खुरांखाली उडालेली माती, मागे पहाटेचे धुके. हरणांच्या माजाच्या हंगामाचे असे छायाचित्र आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. 'जीवनसंघर्ष' शिकवताना ते वर्गात दाखवण्याचा मोहही होतो. पण हरणांचा नर हा हंगाम खरोखरच झुंजण्यात घालवतो का? त्यासाठी छायाचित्रणाच्या इतिहासात थोडे मागे जाऊ.

सुरुवातीला रानातल्या प्राण्याचे छायाचित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. १८५१ पासून वापरात आलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळण्यापूर्वी धुवावीही लागे. म्हणजे अंधारा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर हव्यातच. शिवाय झाकण काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढा वेळ स्थिर राहणार ते पेंढा भरलेले हरीणच! १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या दहा वर्षांत तिच्यात सुधारणा झाल्या. तयार काचा रानात नेता येऊ लागल्या आणि सेकंदाचा अंशही पुरू लागला. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहान्स गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड मिसळून झगझगीत उजेड देणारी भुकटी बनवली. आता रात्रही खुली झाली.

या भुकटीचा हरणांसाठी वापर केला तो जॉर्ज शायरस (तिसरे) या अमेरिकन वकिलाने. मिशिगनमधील ओजिब्वा आदिवासी रात्री होडीच्या टोकाशी आग पेटवून शिकार करत. काठावरचे हरीण उजेडाकडे टक लावून पाहत राही, डोळ्यातील परावर्तक थरामुळे त्याचे डोळे चमकत आणि अंधारातल्या शिकाऱ्याला नेम धरता येई. शायरस यांनी हीच युक्ती घेतली, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. पुढे त्यांनी वाटेवर तार बांधून, हरणाच्या धक्क्यानेच छायाचित्र निघेल अशीही सोय केली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. जुलै १९०६ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्यांची ७४ छायाचित्रे छापली, तेव्हा मासिकाचे चित्रांचे पुस्तक झाले म्हणून संचालक मंडळातील दोघांनी राजीनामे दिले!

बंदूक गेली, तरी पद्धत शिकाऱ्याचीच राहिली: दबा धरायचा, एक क्षण टिपायचा आणि परतायचे. हा नर कोण, तो काल कुठे होता, पुढे काय झाले, हे त्या एका क्षणातून कळत नाही. माजाच्या हंगामाबद्दलचे प्रश्न तर नेमके असे, काळाशी बांधलेले आहेत. त्यांची उत्तरे मिळाली ती वहीतून.

१९३० च्या दशकात फ्रेझर डार्लिंग यांनी स्कॉटलंडच्या डोंगरात लाल हरणांच्या कळपामागे ऋतूमागून ऋतू घालवले. चाहूल लागू नये म्हणून ते अनवाणीसुद्धा हिंडत. त्यांचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. पुढे स्कॉटलंडच्याच रम बेटावर १९७२ पासून टिम क्लटन-ब्रॉक, फिओना गिनेस आणि सहकाऱ्यांनी एकेक हरीण ओळखून त्याच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या नोंदी ठेवल्या.

या नोंदींतून वेगळेच चित्र उभे राहिले. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या हंगामात नर प्रथम आरोळ्यांची चढाओढ करतात. एकाने वेग वाढवला की दुसराही वाढवतो. ध्वनिमुद्रित आरोळ्या ऐकवल्या, तेव्हाही नरांनी तसाच प्रतिसाद दिला. सतत आरोळ्या ठोकायला दम लागतो, त्यामुळे खोटा आव आणता येत नाही. एवढ्याने निकाल लागला नाही तर दोघे शेजारी शेजारी, समांतर चालत एकमेकांना जोखतात. बहुतेक वाद या दोन पायऱ्यांवरच मिटतात. झुंज होते ती तुल्यबळ नरांमध्ये, कारण ती महाग पडते. डोळा जाऊ शकतो, पाय मोडू शकतो. या काळात नर जेमतेम चरतात आणि त्यांचे वजन पाचव्या हिश्श्यापर्यंत घटते. उगाच दवडायला ताकद नसतेच. म्हणून चांगल्या फोटोसाठी नराच्या फार जवळ जाऊन त्याला पळवणे म्हणजे त्याच्या शिलकीतून चोरी करणे होय.

वर्षानुवर्षांच्या या नोंदींचा आणखी एक उपयोग झाला. २८ वर्षांत हरणांच्या प्रजननाशी निगडित घटना ५ ते १२ दिवसांनी अलीकडे सरकल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागे वाढते तापमान असल्याचे संशोधकांना आढळले. एकट्या छायाचित्रातून हे कळणे शक्य नव्हते.

मग झुंजीचे छायाचित्र खोटे का? नाही. पण ते निवडलेले आहे. केवळ स्नेहसंमेलनाचे फोटो पाहून कोणी आपल्या शाळेच्या वर्षाची कल्पना करावी, तसे ते आहे. आजचे रानातले स्वयंचलित कॅमेरे म्हणजे शायरस यांच्या तारेचेच वंशज. प्राण्याच्या उष्णतेने आणि हालचालीने ते चालू होतात. चांगला क्षण कोणता हे ते ठरवत नाहीत, म्हणून त्यांची शेकडो कंटाळवाणी चित्रे अभ्यासाला उपयोगी पडतात.

आपल्याकडे कान्हाच्या जंगलात १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर यांनी असाच धीराने अभ्यास केला. चितळांचा विणीचा काळ लाल हरणांसारखा आखीव नसतो. म्हणून एकाच कळपात कोणाची शिंगे मखमली त्वचेत, कोणाची टणक, तर कोणाची नुकतीच गळलेली दिसतात.

हे वर्गात करून पाहता येईल. जुनी कॅलेंडरे, वर्तमानपत्रे, मासिके यांतील प्राण्यांची चित्रे मुलांना गोळा करायला सांगावीत. प्राणी झुंजताना, धावताना, खाताना, नुसता बसलेला अशी त्यांची वर्गवारी करावी. मग गावातला शेळ्यांचा किंवा गुरांचा कळप दुरून तासभर पाहावा आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक जनावर काय करते आहे ते वहीत लिहावे. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. ते इतके वेगळे का दिसतात, हे मुलांनाच विचारावे.