स्प्लाइन पृष्ठाची जाळी-तपासणी
स्प्लाइन पृष्ठाची जाळी-तपासणी : त्रिमितीय रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वक्र पृष्ठाची नियंत्रणजाळी व पडद्यावरची त्रिकोणजाळी वेगवेगळी उघडून पाहण्याची क्रिया (पहा : बेझिये वक्र, नर्ब्स). हिचा पाया फ्रेंच मोटारउद्योगातला : सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलज्यो (१९५९ पासून), रेनॉमध्ये प्येअर बेझिये. नियंत्रणबिंदू बहुधा पृष्ठाबाहेर राहून त्याला आकार देतात. त्रिकोणांचे शिरोबिंदू मात्र पृष्ठावरूनच घेतलेले नमुने असतात. म्हणून डोळ्यांना खटकणारा सपाटपणा पृष्ठाचाच दोष आहे, असे एकदम मानता येत नाही. अकोट तालुक्यातील नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाची (पहा : नरनाळा) टोकदार कमान २ मीटर त्रिज्येच्या दोन वर्तुळकंसांची आहे असे उदाहरणापुरते धरू. नर्ब्स ही स्प्लाइन-पद्धत हे कंस तंतोतंत मांडते. १५ अंशांच्या तुकड्यांची जाळी मात्र प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी सुमारे १७ मिमी आत जाते, ७.५ अंशांची सुमारे ४ मिमी. जाळी बारीक केल्यावर नाहीसा होतो तो दर्शनाचा दोष. उरतो तो पृष्ठाचा. त्रिमितीय छपाईला बहुधा त्रिकोणच जातात, मग मूळ पृष्ठाची उठाठेव कशाला, हा आक्षेप निम्माच खरा आहे. त्रिकोण सहनमर्यादेनुसार बदलतात. शिवाय पृष्ठाचे शेजारचे दोन तुकडे स्वतंत्रपणे त्रिकोणात फोडले, की सांध्यावर फट राहू शकते. ती त्रिकोणजाळीत दिसते, पण तुकड्यांच्या कडा मुळातच जुळत नव्हत्या की केवळ विभागणी वेगळी पडली, हे नियंत्रणजाळीशी ताडूनच ठरते.