जपानमध्ये बोन्साय शिकून नाशिकला परतताना

उथळ कुंडीत छाटणी करून आणि फांद्यांना तारेने वळण देऊन लहान ठेवलेले झाड म्हणजे बोन्साय. मराठीत त्याला वामनवृक्ष म्हणतात.

ही कला शिकायला अनेक परदेशी लोक जपानला जातात. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायकार ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे ‘बोन्साय गाव’ वसले. गुरूकडे राहून पूर्ण शिकायला पाच-सहा वर्षे लागतात. अमेरिकेचे रायन नील सहा वर्षे मासाहिको किमुरा यांच्याकडे शिकले. सुरुवातीचा बराच काळ झाडलोट आणि पाणी घालण्यातच जातो.

नाशिकला परतताना मात्र झाड सोबत आणणे सोपे नाही. त्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. शिवाय जपानी मेपलला दीर्घ थंडीची विश्रांती हवी असते. ती इथे मिळत नाही.

ज्याच्यावरून पंचवटी हे नाव पडले, तो वड कुंडीत उत्तम जगतो. जपानमध्ये बहुतेक झाडांची कुंडी वसंताच्या तोंडावर बदलतात. इथे वडाची पावसाळ्याच्या सुरुवातीला बदलावी. एप्रिल-मे मध्ये उथळ कुंडीतली माती एका दिवसात सुकते. तेव्हा जपानमध्ये सर्वांत आधी शिकलेले पाणी घालण्याचे कामच झाड वाचवते.