सेरामपूरचे संस्थापक आणि वैजनाथ पंडित

आपल्यापैकी ज्या बंधुभगिनींनी बी. डी. ची पदवी संपादन केली, त्यांपैकी बहुतेकांच्या पदवीपत्रावर सेरामपूर हे नाव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरशी याचा काही संबंध नाही. हे गाव कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम तीरावर वसले असून इ. स. १८०० मध्ये विल्यम केरी तेथे राहावयास आले, तेव्हा ते डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या तिघांनी १८१८ साली तेथे महाविद्यालय स्थापिले. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजा सहावा फ्रेडरिक याने त्यास पदव्या देण्याची सनद दिली. ईश्वरविज्ञानाच्या पहिल्या पदव्या मात्र १९१५ साली, प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांच्या काळात दिल्या गेल्या. सनद तब्बल ८८ वर्षे तशीच पडून होती!

या विद्यापीठाच्या इतिहासात ज्यांचा गौरव होतो ते मुख्यत्वे हे तिघे व चौथे हॉवेल्स. तो गौरव यथार्थच आहे. परंतु रॉबर्ट होम या चित्रकाराने १८१२ च्या सुमारास काढलेले केरी यांचे प्रसिद्ध तैलचित्र पाहावे. त्यात केरी एकटे नाहीत. त्यांच्याजवळ एक पंडित आहेत. ते फोर्ट विल्यम कॉलेजातील बंगालीचे मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार होत, असे परंपरेने मानले जाते. आपण पुष्कळदा नाव घेतो ते एकाचेच.

मराठीच्या बाबतीत त्या दुसऱ्या आसनावर वैजनाथ शर्मा यांना बसवावे लागेल. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत आणि वैजनाथ तेथील मुख्य मराठी पंडित होते. १८०५ साली सेरामपूरच्या छापखान्यातून केरी यांचे मराठी व्याकरण बाहेर पडले. त्याच्या प्रस्तावनेत वैजनाथांच्या माहितीचा व विवेकाचा आपणांस मोठा लाभ झाल्याचे केरी यांनी मोकळ्या मनाने नमूद केले आहे. मत्तयाचे मराठी शुभवर्तमानही त्याच वर्षीचे. पुढे १८१० मध्ये कोश आला व १८११ मध्ये नवा करार. १८१४ ते १८१६ या काळात सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, राजा प्रतापादित्याचे चरित्र ही पुस्तके मोडी लिपीत छापली गेली; त्यांचे कर्तृत्व सामान्यतः वैजनाथांकडेच दिले जाते. मुद्रित मराठी गद्याचा आरंभ सांगताना ही पुस्तके वगळता येत नाहीत. ठसे कोरणारे पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर यांचेही स्मरण येथे केले पाहिजे, कारण त्यांच्या हस्तकौशल्यावाचून हा छापखाना चाललाच नसता.

सेरामपूरची मराठी सदोष होती, हा आक्षेप खोटा नाही. मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल न्यूएल या अमेरिकन मिशनऱ्यांना ते भाषांतर लोकांपुढे ठेवण्याजोगे वाटले नाही. त्यांनी नव्याने काम आरंभिले आणि १८२६ साली मुंबईहून संपूर्ण नवा करार प्रसिद्ध झाला. पण बंगालच्या भूमीत बसून, सभोवती मराठी बोलणारा समाज नसता, हे पंडित लिहीत होते. पुण्यातील वा साताऱ्यातील वाचकाचा कान त्यांच्या मदतीस नव्हता. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठीत उपदेश करणाऱ्या आपल्या सेवकांस ही अडचण अधिक सांगावयास नको. शिवाय दोष सांगताना ‘पंडितांची मराठी’ म्हणावयाचे आणि गुण सांगताना ‘केरीसाहेबांचे कार्य’ म्हणावयाचे, हा न्याय मला पटत नाही.

रोमकरांस पत्र पौलाचे, हे सर्वमान्य आहे. तरीही त्याच्या शेवटच्या अध्यायात लेखनिक तर्तीय स्वतःच्या नावाने मंडळीस सलाम सांगतो, आणि पौलाने ती ओळ खोडली नाही. केरी यांनीही आपल्या प्रस्तावनेत तेच केले होते. वैजनाथांचे नाव गळले ते पुढे, आपल्या हातून.

१७ ऑगस्ट हा केरी यांचा जन्मदिन. त्या दिवशीच्या उपासनेत उपकारस्तुती करताना त्यांच्या नावापाठोपाठ वैजनाथ पंडितांचे नाव उच्चारण्यास कोणत्याही सिनेटच्या ठरावाची आवश्यकता नाही.